बिनसहीचा जामीन

आमच्या गावाच्या नावात गाव दोनदा येते. ‘हळ्ळी’ म्हणजे कन्नडात खेडे, आणि ‘खेड’ तर मराठीत आहेच. कंसातला ‘बी’ हा बुजुर्गचा, म्हणजे फारसीकडून आलेला. बसवरची पाटी वाचून बाहेरगावचे पाहुणे विचारतात, “मग हळ्ळीखेड ‘ए’ कुठे आहे?” आम्ही हसतो आणि त्यांना चहा पाजतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी असे बोलत आम्ही वाढलो, त्यामुळे सरहद्द म्हणजे काय हे मला लहानपणी नीटसे कळतच नसे. मावशी उदगीरला म्हणजे महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात, काकांची सासुरवाडी जहीराबादेस म्हणजे तेलंगणात. आणि १९५६ पूर्वी हे सारे एकाच बीदर जिल्ह्यात होते, हे मला अकरावीत गेल्यावर समजले.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘आंतरराष्ट्रीय दहशतवाद’ हा विषय होता. मी नाव दिले. न्यूयॉर्क, मुंबई, काश्मीर अशी गावे घेत, हातवारे करत मी सात मिनिटे बोललो आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळवले. खाली उतरल्यावर आमच्या एका प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बोललास छान. पण हे सगळे दूरदूरचे झाले. आपल्या जिल्ह्यात कधी परक्या मुलखातून बंदुका उतरल्या होत्या का, ते ठाऊक आहे?”

मला वाटले, सर थट्टा करताहेत. घरी जाताना बसमध्ये एकदम आजोबांची आठवण झाली आणि अंगावर काटा आला.

आजोबा सांगत असत, “राती इमान यायचं, रझाकारीच्या टायमाला. बिदरकडं उतरायचं.” आम्ही भावंडे खो खो हसत असू. त्या काळी गावात धड सायकली नव्हत्या, तिथे विमान कुठले? आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. झोपेत ऐकले असेल काहीतरी, असे आम्ही ठरवून टाकले होते. विमानाचा विषय निघाला की धाकटी बहीण हात पसरून अंगणात धावायची, आणि आजोबा पानाचा डबा पुढे ओढून गप्प बसायचे.

आजोबा खरे बोलत होते. विमाने येत होती. ती आणणाऱ्या माणसाचे नाव सिडनी कॉटन. हा मूळचा ऑस्ट्रेलियन वैमानिक. पहिल्या महायुद्धात याने वैमानिकांसाठी ऊबदार पोशाख तयार केला, तो ‘सिडकॉट’ या नावाने प्रसिद्ध झाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर विमानातून गुप्तपणे छायाचित्रे घेण्यात याने नाव कमावले. असा मनुष्य १९४८ साली कराचीहून हैदराबाद संस्थानात शस्त्रे वाहू लागला. विमाने लँकेस्ट्रियन जातीची, म्हणजे युद्धातल्या लँकेस्टर बाँबफेकी विमानावरून केलेली. ती रात्री उडत, भारताच्या हद्दीवरून येत आणि बीदर किंवा वरंगळच्या धावपट्टीवर उतरत. आज बीदरला वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शिकाऊ वैमानिकांची विमाने दिवसभर डोक्यावरून जातात आणि आम्ही मान वर करूनही पाहत नाही.

या वाहतुकीबद्दल पुढे लंडनमध्ये कॉटनवर खटला झाला. दंड किती झाला असेल? २०० पौंड.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे असा आकडा दिसला की माझे डोळे तिथेच थांबतात. इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, राजे असतात, पण जमाखर्च बहुधा नसतो. हैदराबादच्या गोष्टीत तो आहे, आणि भरपूर आहे.

निजामाचे स्वतःचे नाणे होते, हाली सिक्का. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजामाने भारताशी जैसे थे करार केला. त्याच सुमारास त्याच्या सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्याच रोख्यांच्या रूपात. म्हणजे ज्याच्याशी करार त्याचेच कागद त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या तिजोरीत. शिवाय संस्थानात भारतीय चलनावर बंदी आली. दुसरीकडे, सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद पडत असतानाच, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या निजाम सरकारच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधील हायकमिशनर रहिमतुल्ला यांच्या नावे वळते झाले. निजामाने आठवड्याभरात पैसे परत मागितले. बँकेने दिले नाहीत आणि पाकिस्ताननेही सोडले नाहीत. वरच्या ९ शिलिंगांसह ती रक्कम ७१ वर्षे बँकेत व्याज खात पडून राहिली.

अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या हायकोर्टात निकाल लागला. तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. ती भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने गेली. पण माझ्या दृष्टीने त्या खटल्यातली खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. पाकिस्तानच्या वतीने असाही मुद्दा मांडला गेला होता की, हा पैसा आम्ही हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांपोटी होता. शस्त्रपुरवठ्यात पाकिस्तानचा हात असल्याचा पुरावा दिसतो, कॉटनच्या उड्डाणांसकट, असे न्यायाधीश म्हणाले. पण हा पैसा त्याची भरपाई होता, हे त्यांनी मानले नाही. आमचे आजोबा अंगणात जे सांगत होते आणि ज्याला आम्ही हसत होतो, ते लंडनच्या न्यायालयात वकिलांनी गंभीरपणे, फायली उघडून सांगितले. आजोबा निकालानंतर तीन वर्षे होते. मला निकालाचा पत्ता लागला तो ते गेल्यावर.

आता ही शस्त्रे कोणाच्या हाती पडायची? कागदोपत्री निजामाच्या फौजेसाठी. पण १९४८ च्या त्या दिवसांत फौज, पोलीस आणि रझाकार यांच्यातली रेघ पुसट होत चालली होती. ‘रझाकार’ याचा अर्थ स्वयंसेवक. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष. आमच्या जिल्ह्यातल्या गोरटा गावात (तेही ‘बी’च आहे) मे १९४८ मध्ये रझाकारांनी कत्तल केली. दोनशेहून अधिक माणसे मारली गेली असे सांगतात. आता तेथे स्मारक आहे. मी दोनदा गेलो आहे. एक शाळेची सहल म्हणून, तेव्हा आम्ही तेथे डबे खाल्ले. आणि दुसऱ्यांदा एकटाच, तेव्हा डबा उघडावासा वाटला नाही.

रझाकारांना केवळ धर्माच्या अंगाने पाहिले तर त्यांचे सगळे रूप दिसत नाही. २२ ऑगस्ट १९४८ च्या पहाटे हैदराबादेत ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. गुन्हा एवढाच की, संस्थानाने भारतात सामील व्हावे असे त्यांनी लिहिले. ते मुसलमानच होते. उलट तेलंगणात ज्या कम्युनिस्टांशी निजामाची दोन वर्षे झुंज चालली होती, त्यांच्या पक्षावरची बंदी निजाम सरकारने मे १९४८ मध्ये उठवली. तेव्हा दोघांनाही भारताची फौज आत यायला नको होती. कालचे वैरी एका आडोशाला उभे राहायला विचार जुळावे लागत नाहीत, अडचण एक असली की पुरते, हे मला तेथे प्रथम नीट समजले.

ही रीत पुढेही दिसते. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. त्यातले आर.डी.एक्स. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरवले होते. मुंबईतली काही पोरे दुबईमार्गे पाकिस्तानात नेऊन त्यांना शस्त्रे चालवायला शिकवले होते. तस्कर एरवी सोन्या-चांदीसाठी ज्या वाटा वापरत, त्याच वाटेने हा माल आला. आणि कस्टम्स व पोलीस खात्यातल्या काहींनी नेहमीप्रमाणे पैसे घेऊन ती वाट मोकळी केली. न्यायालयाने पुढे त्यांना शिक्षा केली. एरवी चोरीच्या घड्याळांकडे डोळेझाक करायची सवय लागली की एखाद्या दिवशी पेटीत काय आहे हे विचारण्याचीही सवय राहत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ चा हिशेब तर आणखी बारीक आहे. लष्कर-ए-तय्यबाची दहा माणसे कराचीहून समुद्रमार्गे निघाली, वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवली आणि मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. हल्ला चालू असताना त्यांना पाकिस्तानातून फोनवर हुकूम मिळत होते. हे फोन इंटरनेटवरून फिरवून आणले होते. ती सोय देणारी कंपनी अमेरिकेत न्यू जर्सीत. तिचे पैसे भरले हल्ल्याच्या आदल्या दिवशी, इटलीतल्या ब्रेशिया शहरातल्या, पैसे पाठवण्याच्या एका दुकानातून, आणि जो मनुष्य इटलीत कधी गेलाच नव्हता त्याच्या नावावर. रक्कम २२९ डॉलर, त्या वेळच्या दराने ११ हजार रुपयांच्या आसपास. आमच्याकडे एका म्हशीलाही एवढ्यात कोणी दावे सोडणार नाही.

मुंबईतली ठिकाणे आधी पाहून ठेवणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकेचा नागरिक. शिकागोतल्या मित्राच्या, तहव्वूर राणाच्या इमिग्रेशन कचेरीची मुंबईत शाखा, हा त्याचा बुरखा. या राणाला एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या हवाली केले. मुंबईनंतर हेडलीला डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावर हल्ला करायचा होता. लष्करने ते काम पुढे ढकलले, तेव्हा तो अल् कायदाशी संबंध असलेल्या इलियास काश्मिरीकडे गेला. एका पेढीने उधार नाकारले की गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जाते, तसेच हे.

अशा पैशाला आवर घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम पुष्कळ झाले आहेत. १९९९ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे. १९८९ साली पॅरिसला स्थापन झालेली एफ.ए.टी.एफ. ही संस्था देशांच्या पैशांच्या वाटा तपासते. तिने पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पर्यंत ‘करड्या यादी’त ठेवले होते. हे सर्व परीक्षेला विचारतात म्हणून मी पाठ केले आहे. पण २२९ डॉलर कोणत्या चाळणीत अडकणार?

दुसऱ्या वर्षी आम्हांला व्यापारी कायदा शिकवतात. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२६, हमीचा करार. यात तिघे असतात: धनको, ऋणको आणि जामीन. ऋणकोने कर्ज फेडले नाही तर ते जामिनाने फेडायचे. हे कलम फळ्यावर लिहिले जात असताना माझ्या मनात मात्र बीदरची धावपट्टी होती. धनको कराचीत आणि लंडनमध्ये. ऋणको कासिम रझवी आणि त्याची मंडळी. रझवीला तुरुंगवास झाला, पण १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत मरण पावला. कॉटनने २०० पौंड भरले. लंडनच्या पैशाला व्याज सुटले. मग हे कर्ज फेडले कोणी?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ ला निजाम शरण आला. आमच्याकडे याला अजून ‘पुलीस ॲक्शन’ म्हणतात. दर वर्षी १७ सप्टेंबरला झेंडा चढतो. चढायलाच हवा; रझाकारीतून माणसे सुटली ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यानंतरच्या आठवड्यांविषयी भाषणात कोणी बोलत नाही. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली होती. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ती गावोगाव हिंडली. तिचा अहवाल अनेक दशके दाबून ठेवलेला होता. त्यात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे, आणि त्यांत बहुतेक सगळे मुसलमान. सर्वांत जास्त हानी झालेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. सोलापूर आणि हद्दीपलीकडच्या इतर गावांतून हत्यारबंद टोळ्या आत शिरल्याचेही त्यात आहे. म्हणजे सरहद्द ओलांडणे हे एकाच बाजूचे काम नव्हते. हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवले, अशीही नोंद त्यात आहे. ती मी दोनदा वाचली.

येथे एक प्रश्न मला टाळता येत नाही. स्टेट काँग्रेसचे तळही हद्दीबाहेर होते. बार्शी, सोलापूर, उमरखेड या बाजूंना तरुण जमत आणि तेथून संस्थानात येऊन नाकी-चौक्यांवर हल्ले करत. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजी गेले त्याच दिवशी, नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली गेली. तो पैसा लढ्यासाठी होता आणि त्याचा पैन् पैचा हिशेब ठेवला होता, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. मग त्यांत आणि यांत फरक काय? ज्या राज्यात सभा घेता येत नव्हती तिथल्या लोकांचा तो लढा होता, हे खरे आहे आणि मला ते पटते. पण माझे माप याहून साधे आहे. तळावरून निघालेला मनुष्य चौकीवर गेला की निःशस्त्र माणसाच्या घरावर, एवढेच मी पाहतो. या मापाने काही जण चढतात, काही उतरतात, आणि ते सगळे एकाच बाजूचे नसतात. माझ्या एका मित्राला हे माप पटत नाही. आमचे यावर कँटीनमध्ये दोन दिवस वाजले आणि चहाचे पैसे दोन्ही दिवस मीच दिले.

रझाकारांचे कर्ज फेडायला लावले ते खेड्यांतल्या पिंजाऱ्यांना, विणकरांना, टांगेवाल्यांना, ज्यांनी कॉटनचे नाव ऐकले नव्हते आणि कोणत्याही कागदावर अंगठा उठवला नव्हता. रझाकारांत गेलेला एखादा पुतण्या असेलही कोणाचा. पण पुतण्या पळून गेला आणि चुलता घरात सापडला. गोरट्यातही तसेच झाले होते: दिल्ली आणि हैदराबादचे भांडण, आणि हिशेब शेतकऱ्यांच्या वाड्यात चुकता केला गेला. मुंबईच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसांनी तरी कोणाची हमी घेतली होती?

हे सगळे लिहीत असताना मी आजोबांविषयी एक गोष्ट लपवतो आहे, असे सारखे वाटत राहिले. म्हणून ती लिहितो.

रझाकारीत आमच्या पणजोबांना सावध करणारा शेजारी मुसलमान होता. “उद्या बायकापोरांना घेऊन सोलापूरकडे निघा,” असे त्याने रात्री येऊन सांगितले, आणि त्यामुळे आमचे घर वाचले. ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक सणाला सांगितली जाते. आजोबा ती रंगवून सांगत. त्याने आणून दिलेल्या भाकरी, बैलगाडीच्या चाकांना गुंडाळलेल्या चिंध्या, सगळे. पण पुलीस ॲक्शननंतर पणजोबा घरी परतले, त्यापुढे गोष्ट संपे. मी विचारी, “मग त्या शेजाऱ्याचे काय झाले?” आजोबा म्हणत, “गेले कुठं तरी.”

शेवटच्या दुखण्यात एका रात्री त्यांना झोप नव्हती. मी उशाशी बसलो होतो. वरून विमान गेले, बहुधा सरावाचे असावे. मी गमतीने म्हणालो, “आजोबा, तुमचं इमान आलं.” ते हसले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “दार वाजलं होतं.”

“कधी?”

“इमानं बंद झाल्यावर. आमचा बा उठला. दारापाशी गेला. कडीला हात लावला त्यानं.”

मी थांबलो. ते पुढे बोलले नाहीत. सकाळी मी पुन्हा विचारले, तर म्हणाले, “काय की, मला कुठं आठवतंय.” पंधरा दिवसांनी ते गेले.

आमचे घर मध्ये दोनदा दुरुस्त झाले. माळवद जाऊन स्लॅब पडला, ओसरीला फरशी आली. पुढचे दार तेच आहे, सागाचे, आणि कडीही तीच. रात्री सगळे झोपल्यावर ती लावण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.